साडूचा समुद्र

मारोतरावांच्या ओट्याखाली संध्याकाळी सातला चपलांचे अकरा जोड असत. हा आकडा त्यांनी तोंडातून कधी काढला नाही. पण बातम्या लागायच्या आधी दाराशी यायचं, खाकरायचं, आभाळाकडे पाहायचं आणि मान खाली आणता आणता जोड मोजून घ्यायचे, हा नेम त्यांनी साडेपाच वर्षं पाळला. बाभुळगावातला पहिला रेडिओ त्यांचा. छप्पन सालच्या दिवाळीत आला, मोटारीच्या बॅटरीवर चाले, आणि बॅटरी भरायला यवतमाळला गेली की दोन दिवस मुका राही. त्या दोन दिवसांतही नऊ जोड यायचेच. मारोतरावांच्या हिशेबी खरे तेच. बातम्या नसताना जो येतो, तो आपल्यासाठी येतो.

बासष्टच्या शिमग्याला हे जोड सातावर आले. चैत्रात चारावर. त्या चौघांतला एक दोन्ही कानांनी अधू होता, त्याला दिल्ली काय आणि दारव्हा काय सारखंच. दुसरा समोरचा शिंपी, ज्याला संध्याकाळी घरात बसण्यापेक्षा कुठेही बसलेलं बरं वाटे. म्हणजे पक्के धरायचे तर दोनच.

बाकीचे कुठे गेले ते शोधायला लांब जावं लागत नव्हतं. ओट्यावर उभं राहून मान जराशी डावीकडे वळवली की चार घरं सोडून पुंडलिकरावांची पायरी दिसे. तिच्यावर चपलांना जागा पुरत नव्हती, काही अंगणात उतरल्या होत्या. पुंडलिकराव मारोतरावांचे साडू. दोघांच्या बायका कळंबच्या एकाच घरच्या, सख्ख्या बहिणी. थोरली तानाबाई मारोतरावांची, धाकटी विमल पुंडलिकरावांची. कळंबला सासुरवाडीत पहिला पाट मारोतरावांचा, पहिलं ताट मारोतरावांचं, आहेराचं पहिलं धोतर मारोतरावांचं. पुंडलिकराव मागून बसत आणि हसत बसत. या हसण्याचा मारोतरावांना पहिल्यापासूनच संशय होता.

आणि आता त्या माणसानं घरात समुद्र आणला होता.

झालं असं की आदल्या वर्षी पुंडलिकराव आईचे डोळे दाखवायला मुंबईला गेले. डोळ्यांना आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत रिकामा माणूस काय करील, तर काचेच्या हौदांत ठेवलेली समुद्राची जनावरं बघायला गेला आणि रोजच जायला लागला. तिथे एका काचेमागे जिवंत पोवळं होतं. तिथल्या एका मदतनीस बाबूशी ओळख झाली. गावाकडे परतले ते आईला नवे डोळे आणि स्वतःला नवं वेड घेऊन.

"दगडावानी दिसते," पुंडलिकराव मारोतरावांच्याच ओट्यावर सांगत होते, "पण दगड नाई. जीव आहे. लाखो जीव एकमेकांच्या अंगावर बसून घर बांधतात. वाढते, बाप्पा, वाढते ते! मी इथं वाढवून दाखवतो."

"इथं?" मारोतराव म्हणाले. "इथं वांगी वाढून नाई राह्यली यंदा."

सगळे हसले. मारोतरावांनी ते हसू आपल्या खाती जमा धरलं. पुढे सहा महिने हौदाचं एकेक काम निघत गेलं आणि मारोतराव एकेक भाकीत करत गेले. त्यातलं एकही खरं ठरलं नाही, ही त्यांची खरी जखम.

जिनिंगच्या मिस्त्रीनं लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा जोडला. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. मारोतराव म्हणाले, खाऱ्या पाण्यानं लोखंड महिन्यात खाऊन टाकलं नाही तर माझं नाव बदला. पुंडलिकरावांनी त्याला डांबराचे तीन हात दिले. तळाला शहाबादी फरशी बसवली, बाजूंना नागपूरहून गवतात गुंडाळून आणलेली जाड काच. मारोतराव म्हणाले, काच धामणगाव रोडवर फुटते. ती फुटली नाही. सांधे भरायला जवसाचं तेल आणि पांढरा रंग कुटून लुकण केलं, ते पहिल्या वेळी गळलं. त्या दिवशी मारोतरावांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. पण आठ दिवसांत राळ आणि डांबर उकळून पुन्हा सांधे भरले, महिनाभर विहिरीचं पाणी भरून पाहिलं, थेंब गळला नाही. पोवळ्याला ऊन लागतं म्हणून पडवीची आठ कौलं काढून त्या जागी काचेची कौलं बसवली. पाण्यात सतत हवा जायला पाहिजे म्हणून लॉरीची एक ट्यूब आढ्याला टांगली. सकाळ-संध्याकाळ पंपानं ती फुगवायची आणि बारीक नळीनं हवा पाण्यात बुडबुड सोडायची.

"दम्याचा पेशंट आणला काय घरात?" मारोतराव म्हणाले. या वेळी तिघेच हसले.

मग माघात समुद्र आला. तेजाबाच्या मोठ्या काचेच्या बरण्या, वेताच्या टोपल्यांत बसवलेल्या, मुंबईहून मालगाडीनं धामणगावला उतरल्या आणि तिथून दोन बैलगाड्यांतून बाभुळगावात शिरल्या. बरण्या दहा. सातांत हौद भरला, तीन पडवीच्या कोपऱ्यात ठेवल्या. गाडीमागून गाव चालत होतं. बायकांनी बोटं बुडवून चाखलं, थू थू केलं आणि पुन्हा चाखलं. एका म्हातारीनं तर पाण्याला कुंकू लावलं, समुद्र म्हणजे देव, म्हणाली, दाराशी आला आहे तर तसाच कसा जाऊ द्यायचा.

दोन आठवड्यांनी पुंडलिकराव स्वतः मुंबईला जाऊन, दुधाच्या कॅनमध्ये, मांडीवर धरून, रात्रभर न निजता पोवळं घेऊन आले. मदतनीस बाबूनं ते ओखा बंदरातून मागवून दिलं होतं. गावाची मात्र निराशा झाली. अंगठीतलं पोवळं लाल असतं. हे होतं मातकट, चिखलानं भरलेल्या हातासारखं, चार बोटं वर केलेलं.

"हेच?" मारोतराव म्हणाले, आणि त्यांनी बऱ्याच दिवसांनी मोकळा श्वास घेतला. "हे तं आमच्या बांधावर ढीगभर पडलं हाय."

पण चौथ्या दिवशी सकाळी, काचेच्या कौलांतून ऊन पाण्यात उतरलं आणि त्या मातकट हातावर फुलं उघडली. राईएवढी, हिरवट सोनेरी, एकेका बोटावर शेकडो. पाणी हललं की सगळी एकदम डोलत. खाली एक शंख होता, तो पाय काढून चालू लागला, कारण आत खेकडा राहत होता. त्या दिवशी पुंडलिकरावांच्या पायरीवर एकोणीस जोड होते. मारोतरावांनी ते दोनदा मोजले, कारण पहिल्यांदा मोजल्यावर विश्वास बसला नाही.

पंचायत समितीचे नवे बीडीओ साहेब गावात आले ते सरळ पुंडलिकरावांकडे. आजवर कुठलाही साहेब पहिला चहा मारोतरावांकडे पीत असे. मारोतरावांनी त्या दिवशी कपबशा काढून ठेवल्या होत्या. संध्याकाळी तानाबाईनं त्या तशाच उचलून फडताळात ठेवल्या.

"अजी," ती म्हणाली, "ओवा देऊ काय थोडा?"

"कायले?"

"पोटात दुखून राह्यलं ना तुमच्या. शिमग्यापासून पाहून राह्यली मी."

"तुही बहीण हाय म्हणून तुले गोड लागते."

"माही बहीण हाय म्हणूनच सांगतो ना. मले काय कमी वाटते? काल विमल म्हणे, बाई, आमच्या समुद्राले जरा तुमच्याकडचा वाळ्याचा पडदा द्या. आमच्या समुद्राले! लहानपणी हिले परकर माहाच जुना मिळत होता." तानाबाईनं फडताळ जरा जोरानं लावलं. "पडदा देऊन टाकला मी."

वैशाख तापला. वाळ्याचे पडदे लावून, त्यांवर दिवसभर पाणी मारून पुंडलिकरावांनी पडवी गार ठेवली. पण बाहेर हवा अशी कोरडी होती की ओलं धोतर खुंटीवर टांगेपर्यंत वाळावं. हौदातलं पाणी चार दिवसांत बोटभर खाली उतरे. मुंबईच्या दमट हवेत हौदाचं पाणी असं आटत नाही, त्यामुळे त्या मदतनीस बाबूच्या डोक्यात ही गोष्ट आली नव्हती आणि त्यानं ती सांगितलीही नव्हती. पुंडलिकरावांनी आपल्या अकलेनं केलं. घरचा रांजण उतरला की आपण तेच पाणी त्यात भरतो. तसं समुद्राचं पाणी उतरलं की समुद्राचं पाणी भरायचं. कोपऱ्यातली एक बरणी संपली, मग दुसरी. गावात कोणालाही त्यात चूक दिसली नाही. मारोतरावांनाही नाही, नाहीतर त्यांनी भाकीत केलं असतं.

वैशाखाच्या शेवटी फुलं मिटली. आधी दुपारी, मग दिवसभर. खेकडा शंखात शिरला तो बाहेर येईना. पुंडलिकरावांनी मुंबईला पत्र टाकलं, उत्तर आलं नाही.

भीमसिंग नाईक तेव्हाच मारोतरावांच्या ओट्यावर आला. बाभुळगावाबाहेर अर्ध्या कोसावर त्यांचा बंजारा तांडा. आता शेती करतात, पण भीमसिंगचा आजा लदेणीचा माणूस होता. बैलांच्या पाठीवर गोण्या टाकून कोकणच्या मिठागरांतून लूण इकडे वऱ्हाडात आणायचा. भीमसिंग जोडे काढून खाली बसला. ओट्यावर त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. आत तानाबाई ज्वारी निवडत होती.

"रामराम, मारोतरावभाऊ. तुमच्या साडूचा समुद्र पाह्यला आता. बोट बुडवून चाखलं."

"मंग?"

"लूण जास्त झालं त्याच्यात. शिमग्याले चाखलं तवा असं नव्हतं. आता जिभेले चटका बसते." भीमसिंगनं तंबाखू मळली. "ऊन पाणी पेते, भाऊ, ऊन लूण नाई पेत. लूण खालीच राह्यते. वरून अजून खारं ओतलं तं लुणावर लूण चढते. त्याच्यात गोडं पाणी पायजे. विहिरीचं. तेही थोडं थोडं, एकदम नाई."

मारोतरावांच्या हातातलं सुपारीचं खांड हातातच राहिलं. "तू सांगितलं पुंडलिकले?"

"मी कसा सांगू? चौदा माणसं बसले होते तिथं. त्यायच्या दारात त्यायची चूक काढू काय?" भीमसिंगला हे विचारणंच विचित्र वाटलं. "आमच्या तांड्यात धाकट्याची चूक थोरल्याच्या कानावर घालतात. थोरला सांगते त्याच्या रीतीनं. तुम्ही थोरले साडू. म्हणून तुमच्याकडे आलो."

"बरं केलं," मारोतराव म्हणाले. "सांगतो मी."

भीमसिंग उठून गेला. मारोतराव बसून राहिले. निरोप चार घरं चालायचा होता, आणि त्यांना एकदम जाणवलं की पाय दुखतात. उद्या सांगू. उद्या शेतावर जायचं होतं. परवा शनिवार, शनिवारी असल्या गोष्टी काढू नयेत. आणि समजा भीमसिंगचं चुकलं असेल तर? गोडं पाणी ओतून पोवळं मेलं तर गाव कोणाला म्हणेल? अशी एकेक सबब त्यांनी नीट घडी घालून ठेवली.

इकडे ओट्याखाली जोड वाढू लागले. पाच. सात. मेलेल्या बागेत कोण बसतं? सहाव्या दिवशी नऊ, आठव्या दिवशी पुरे अकरा. मारोतरावांनी रेडिओचा आवाज वाढवला. चहा सांगितला. आभाळाकडे पाहिलं, मान खाली आणली, पुन्हा मोजले. अकरा!

पण बातम्या कोणी ऐकत नव्हतं.

"काल एकच फूल उघडं होतं म्हणते."

"पुंडलिकराव जेवत नाई दोन दिवस झाले. हौदासमोर पाट टाकून बसले हायत."

"इमलताई रडून राह्यली होती विहिरीवर."

"मुंबईहून पत्रच नाई आलं ना बुवा. कोणाले विचारावं माणसानं? कोणाले माहीत हाय हे?"

रेडिओवर बाई काहीतरी महत्त्वाचं सांगत होती. अकरा माणसं मारोतरावांच्या ओट्यावर बसून, मारोतरावांचा चहा पीत, चार घरं डावीकडे बघत होती. पोवळं जिवंत होतं तेव्हा त्यानं माणसं नेली, आणि आता मरता मरता ती परत दिली ती नुसती शरीरानं. मारोतरावांना वाटलं, आपण उद्या आजारी पडलो तर पुंडलिकच्या ओट्यावर कोणी असं बोलेल काय? याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी रेडिओ बंद केला. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तानाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "भीमसिंग नाईक येऊन कितले दिस झाले जी? आठ की नऊ?"

मारोतरावांनी चहाची बशी तोंडाला लावली.

"नाई, मले काय. ज्वारी निवडता निवडता कानावर आलं एवढंच." तिनं भाकरी उलटली. "मीही गेली असती सांगाले. पण थोरल्यानं सांगाचं असते म्हणे."

दुपार कलल्यावर भीमसिंग स्वतः आला. आत बसला नाही, ओट्याखाली उभा राहिला.

"मी आता तिकडून आलो, भाऊ," तो म्हणाला. "अजून खारंच ओतून राह्यले ते. शेवटची बरणी उघडाची तयारी हाय." थोडं थांबून त्यानं हळू विचारलं, "निरोप पोचला नाई काय?"

त्यानं तो प्रश्न रागानं विचारला असता तर मारोतराव काहीही बोलले असते. पण त्यानं तो खरोखरच विचारला. थोरल्यानं निरोप दाबून ठेवला असेल हे त्याच्या मनातच येत नव्हतं. मारोतरावांनी खुंटीवरची टोपी घातली, आत जाऊन घागर भरली आणि खांद्यावर घेतली. अशी घागर त्यांनी लग्नानंतर कधी उचलली नव्हती.

पुंडलिकरावांच्या पायरीवर सात जोड होते. मारोतराव वर चढले, पडवीत आले, घागर टेकवली आणि तांब्या भरून हौदाकडे गेले.

"मारोतराव, ते काय हाय?"

"विहिरीचं पाणी. गोडं."

पुंडलिकराव पाटावरून उठून काचेसमोर आडवे आले. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"समुद्रात गोडं पाणी?" ते म्हणाले. "मारोतराव, सहा महिने तुम्ही त्याच्या मरणाची वाट पाहून राह्यले. मले काय समजत नाई? आता दोन दिस राह्यले त्याचे, तेवढे तरी जगू द्या. मेल्यावर या, पेढे घेऊन या."

"त्याले लूण जास्त झालं," मारोतराव म्हणाले. त्यांना स्वतःलाच आपला आवाज खोटा वाटला. सगळे त्यांच्याकडे तसंच बघत होते. आजवर इतकी माणसं एकटक त्यांच्याकडे कधीच पाहत बसली नव्हती, आणि पाहिली तेव्हा ही अशी.

तेव्हा मागून भीमसिंग पुढे आला. त्यानं कमरेच्या बटव्यातून एक काळसर गोळी काढली, बोराएवढी.

"मेण हाय," तो म्हणाला. "आत बंदुकीचे छर्रे घातले. माहा आजा असंच करे. मिठागरात पोचलं की गोळी टाके पाण्यात. किती वर तरंगते ते पाहून समजे का लूण पडाले किती दिस हायत, तांडा तिथं थांबवाचा का पुढं न्यायाचा." त्यानं न उघडलेल्या शेवटच्या बरणीचं तोंड मोकळं केलं, त्यातलं पाणी एका उंच काचेच्या भांड्यात घेतलं आणि गोळी सोडली. ती बुडाली. त्यानं ती काढून छर्र्याभोवतीचं मेण चिमटीनं जरा वाढवलं, पुन्हा सोडली, पुन्हा काढली. पाचव्या वेळी गोळी पाण्याच्या मधोमध लोंबकळत राहिली, ना वर ना खाली. "हा तुमचा समुद्र. जसा मुंबईहून आला तसा."

मग तीच गोळी त्यानं हौदात टाकली. ती बुचासारखी उसळून वर आली आणि तरंगू लागली.

कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. पुंडलिकरावांनी बोटानं ती गोळी खाली दाबली, ती पुन्हा वर आली. मग काचेसमोरून बाजूला झाले.

"कवा समजलं तुमाले हे?" त्यांनी विचारलं. भीमसिंगला नाही, मारोतरावांना.

मारोतरावांनी तोंड उघडलं.

"आजच," भीमसिंग म्हणाला. "आजच सांगितलं मी भाऊले. आईकल्याबरोबर घागर घेऊन निंघाले." आणि त्यानं मारोतरावांकडे पाहिलं नाही. नऊ दिवसांचा हिशेब त्याला तोवर लागला होता.

मारोतरावांनी तोंड मिटलं आणि पहिला तांब्या ओतला.

सहा दिवस लागले. रोज बादलीभर खारं काढायचं, तांब्या तांब्यानं गोडं घालायचं, गोळी पाहायची. गोळी रोज केसभर खाली आली. सातव्या दिवशी ती पाण्याच्या पोटात स्थिर राहिली, आणि त्याच दिवशी दुपारी खेकड्यानं एक पाय बाहेर काढून पाहिला. मृग सरता सरता फुलं उघडली, तीन बोटांवर. चौथं बोट मात्र पांढरं पडलं, चुन्यासारखं. ते पुन्हा उघडलं नाही.

पायरीवर जोड परत आले, आणि आता त्यांत एक मारोतरावांचा होता. थोरले साडू, ज्यांनी समुद्र वाचवला. पुंडलिकरावांनी त्यांना हौदाशेजारची खुर्ची दिली, पहिला चहा त्यांना येई. सासुरवाडीतला पाट या घरातही मिळाला. पण रोज कोणीतरी नवा पाहुणा येई आणि रोज तेच विचारी, आणि रोज मारोतरावांना खुर्ची टोचे.

आषाढात यवतमाळचे एक मास्तर आले. चष्मा काचेला लावून पाहिलं. "हे एक बोट पांढरं का हो?"

"उन्हाळ्यानं नेलं," पुंडलिकराव नेहमीसारखं म्हणाले.

"उन्हाळ्यानं नाई," मारोतराव म्हणाले. त्यांनाही ते ऐकू आलं तेव्हाच कळलं की आपण बोललो. "माह्या पोटदुखीनं नेलं. नाईकनं मले आठ-नऊ दिस आधी सांगितलं होतं. मी सांगितलं नाई. मले वाटलं मरू द्या."

सगळी पडवी एकदम हसली. मास्तर तर डोळे पुसू लागले. "थोरले साडू मोठे गमतीदार हो!" शिंप्यानं मांडीवर थाप मारली. "पोटदुखीनं म्हणे! काय बोलते हा माणूस!" दुसऱ्या दिवशी ही गंमत बाजारात पोचली, आणि ती ऐकायला पायरीवर बावीस जोड आले.

दोन माणसं हसली नव्हती. विमलताई कपबशांचं ताट घेऊन दारात तशीच उभी राहिली होती. आणि पुंडलिकराव.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी, सूर्य वर यायच्या आत मारोतरावांच्या ओट्याशी आले. हातात तांब्या आणि चिंधीत बांधलेली मेणाची गोळी.

"उद्यापासून समुद्रात पाणी तुम्ही टाका. रोज. गोळी पाहून."

"मी?" मारोतरावांचा चेहरा उतरला. "मी काहून?"

"ज्यानं एक बोट खाल्लं, त्याले दुसरं खायची हिंमत होत नाई," पुंडलिकराव म्हणाले, आणि ते तसेच हसले, कळंबच्या पाटावर हसत तसे.

आतून तानाबाई पुटपुटली, "चोराच्या हाती किल्ली," पण तिनं तांब्या घासून ठेवला.

तेव्हापासून रोज पहाटे पुंडलिकरावांच्या पायरीवर चपलांचा एक जोड असे. मारोतरावांनी शेतावर जायची वेळ बदलली. रात्रीचा मुक्काम बाहेर टाळू लागले. कोणा पाहुण्यानं काचेवर बोट ठेवलं की ते असे खेकसत की पाहुण्याला वाटे हाच घरधनी. रेडिओची बॅटरी यवतमाळला दोन-दोन आठवडे पडून राही, त्यांना आठवण होत नसे.

पुढच्या वैशाखात कळंबला मेव्हण्याचं लग्न निघालं. थोरल्या जावयाला दोन दिवस राहणं भाग. हौदासाठी म्हणून पुंडलिकराव विमलताईला घेऊन लग्न लागल्याबरोबर संध्याकाळी परत गेले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मारोतराव बसमधून उतरले ते आपल्या घरी न जाता तडक पडवीत शिरले. गोळी पाहिली. ती बोटभर खाली होती.

"पाणी कोणी टाकलं?"

"मी टाकलं," पुंडलिकराव दात घासता घासता म्हणाले. "अर्धा तांब्या जास्त पडला असन."

"कोणाले इचारून?" मारोतरावांचा आवाज चिरला. जिथे गेल्या वर्षी दुखत होतं, तिथेच पुन्हा दुखलं. "दोन दिस माणूस घरी नसते तं तुम्ही हात घालता काय त्याच्यात? कोणाले इचारून?"

"अहो, समुद्र माहा हाय, बाप्पा!"

"समुद्र तुमचा असन. पाणी माहं हाय."

स्वयंपाकघरातून बांगड्या वाजल्या. विमलताई दारात आली, हातात पोळपाट, चेहरा अगदी साधा. दोघी बहिणी लग्नाआधी दोन रात्री कळंबला एकाच खोलीत निजल्या होत्या, हे मारोतरावांना तेव्हा आठवलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "ओवा देऊ काय थोडा?"